आलेखावरचा काटा

भावाने हात झटकला, एवढंच. पडद्यावरच्या बिनआवाजाच्या चित्रणात गाडीचं पुढचं डावं चाक दगडांमधल्या खड्ड्यात धाडकन उतरलं, गाडी एका अंगावर कलली, सावरली, वर आली, आणि चालकाच्या जागेवर बसलेल्या तिच्या भावाने उजवा हात स्टिअरिंगवरून उचलून दोनदा झटकला, हाताला लागलेलं पाणी झटकावं तसा. मग हात परत जागेवर. गाडी पुढे गेली. कारखान्यातल्या बैठकीच्या खोलीत बसलेल्यांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही, आणि यायचं काही कारणही नव्हतं. सगळे चाकाकडे बघत होते. तिने मात्र ओठांपाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. तो झटका तिच्या ओळखीचा होता. त्यांचे वडील सुतार होते, आणि हातोडीचा घाव खिळ्याऐवजी बोटावर बसला की ते अस्साच हात झटकायचे, वर हसायचे, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "कुठं काय?" खरं लागलेलं नसलं म्हणजे मात्र तासभर कुरकुरत बसायचे. त्यामुळे घरात सगळ्यांना कळायचं: बाबा हसले की पट्टी शोधायला घ्यायची.

"चला, हे बघून झालं," साहेब म्हणाले. साहेब तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते. मागे, पहिल्यांदा कामावर आले तेव्हा तिनेच त्यांना पाना कसा धरायचा ते दाखवलं होतं, आणि ही गोष्ट ते चारचौघांत सांगायचे, हसून, तिचा मान राखून. तरी ती सांगून झाली की आपण भिंतीवरच्या फोटोसारखे झालोय असं तिला वाटायचं. "मॅडम, नकलचं काम म्हणजे झालंच ना आता? साच्याची ऑर्डर द्यायला हरकत नाही?"

शेजारच्या पडद्यावर त्याच फेरीचा आलेख होता. वळणाच्या दांड्यावर किती जोर आला ते दाखवणारी निळी रेघ, लाटांसारखी वर-खाली जाणारी, समजूतदार. खड्ड्याच्या जागी एक टेकडी होती, तीही बेताची.

"एकदा बघते," ती म्हणाली. "उद्यापर्यंत."

"बघा, बघा. पण बघता-बघता महिना घालवू नका," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले, तीही हसली.

तिचं काम त्या पुढच्या चाकाच्या आत होतं. चाक आणि गाडी यांच्यामध्ये लोखंडाचा एक ओबडधोबड सांधा असतो. त्याला कारखान्यात सगळे, इंग्रजीतल्यासारखं, नकल म्हणत. त्या सांध्याला एक आखूड बाहू असतो. चालकाने स्टिअरिंग फिरवलं की एक दांडा त्या बाहूला ओढतो नाहीतर ढकलतो, आणि चाक वळतं. बाहू तुटला तर चालक काही का फिरवेना, चाक आपल्या मनाला येईल तिकडे जातं. रस्त्यावरच्या गाडीत एक वेळ निभावेल, पण ही गाडी रस्ता सोडून चालण्यासाठीच होती: दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून, एका बाजूला कडा असलेल्या उतारांवरून. साहेबांना ती हलकी हवी होती. म्हणून गेलं वर्षभर ती त्या बाहूच्या मुळाशी असलेला खांदा तासत होती. पडद्यावर, एकेक केस काढावा तसा. गोलाई थोडी कमी, मग ताण बघायचा. पोटातलं लोखंड थोडं काढायचं, मग ताण बघायचा. पडद्यावर ताण रंगांत दिसे. निळा म्हणजे निवांत, हिरवा म्हणजे ठीक, आणि खांद्याच्या वळणात नखाएवढा लाल. आई शेजारणींना सांगायची, "आमची मोठी दिवसभर नकला करते आणि धाकटा गाड्या उडवतो. दोघांचा पोरकटपणा काही गेला नाही." तिचं लग्न राहून गेलं होतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर आई म्हणायची, "तिला वेळच झाला नाही," जणू पोस्टात जायचं राहून गेलं होतं.

जिना उतरताना तिला जाणवलं की आपण कठड्याला धरून उतरतोय. हे कधीपासून? पाय दुखत नव्हते. दुखण्यासारखं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून "छान आहे सगळं, जरा विश्रांती घ्या" असं सांगितलं होतं, आणि विश्रांती कशी घेतात ते विचारायची तिला लाज वाटली होती. थकवा हा तिच्या धंद्यातलाच शब्द. धातू थकतो. एका दणक्याने तो सहसा तुटत नाही. रोजच्या बारीकसारीक ओढाताणीने आतून चिरत जातो, आणि वरून शेवटच्या दिवसापर्यंत चकचकीत दिसतो. नव्या मुलांना ती हे शिकवायची तेव्हा मुलं माना डोलवायची, आणि आपण हे जरा जास्तच मन लावून सांगतोय असं वाटून ती मध्येच विषय बदलायची. आज तर तिला तेही नको होतं. घरी जावं, दिवा न लावता पलंगावर पडावं, आणि कुणी काही विचारू नये. हात झटकला. झटकला असेल. माणूस हात झटकतो.

तरीही ती गाळणीकडे गेली. आकडे साफ करून आलेख काढणाऱ्या त्या मुलाला सगळे गाळणीच म्हणत, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे. कामाला चोख होता.

"मला ती खड्ड्याची फेरी न गाळता दाखव," ती म्हणाली.

"न गाळता फार घाण दिसतं हो, मॅडम."

"दिसू दे."

त्याने कळ दाबली. समजूतदार निळ्या रेघेच्या जागी केसाळ सुरवंटासारखं काहीतरी पडद्यावर पसरलं, आणि त्यातून, खड्ड्यापाशी, एक काटा सरळ वर गेला होता. टेकडीच्या दुपटीहून उंच. सुईसारखा बारीक.

"हा?"

"तो खोटा आहे," गाळणी म्हणाला. "म्हणजे असावा. एकदाच आलाय, आणि एकाच दांड्यावर. दुसऱ्या बाजूला काही नाही. हादऱ्याने वायर हलली की असे काटे येतात, म्हणून आपण काढतोच ते. आणि ड्रायव्हरच्या शेऱ्यातही काही नव्हतं. 'ठीक' एवढंच."

"चित्रण आणि हे शेजारी-शेजारी लावता येईल?"

त्याने लावलं. चाक खड्ड्यात उतरलं, काटा वर गेला, आणि त्याच्या पाठोपाठ, पापणी लवायच्या आत, हात उचलला गेला. गाळणीने ते पुन्हा लावलं, मग न सांगता आणखी एकदा. "माशी बसली असेल," तो शेवटी म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. "मॅडम, हा काटा खरा धरला तर तुमचा खांदा...?"

"लाल होईल," ती म्हणाली. "नखाएवढा नाही. सगळाच."

भावाचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली आणि तिने डोकं काचेला टेकवलं. काच थरथरत होती, ती थरथर जबड्यात उतरत होती, आणि त्या थरथरीतून तिला उगाचच तो गाडा आठवला. बाबांच्या दुकानातल्या टाकाऊ फळ्या आणि मोटारीच्या गॅरेजवाल्याने फेकून दिलेली बेअरिंगं, त्यांची चाकं. गाडा तिने बनवला होता. पुढची फळी एका खिळ्याभोवती फिरायची आणि तिच्या दोन टोकांना बांधलेली दोरी हातात धरून वळवायची. बनवायचा तिने आणि चालवायचा त्याने, हे तेव्हाच ठरून गेलं होतं, कुणी ठरवलं नव्हतं तरी. भावाचं नाव भोवरा पडलं तेही त्याच सुमाराला, कारण तो उभ्या जागीही स्वतःभोवती फिरायचा. दवाखान्यामागच्या उतारावर तो गाडा घेऊन सुटला तेव्हा ती वर उभी राहून बघत होती; वळणावर खिळा तुटला, फळी आडवी झाली आणि तो हनुवटीवर पडला. खिळा बारीक होता हे तिला माहीत होतं. जाड खिळा बाबांच्या कुलपाच्या पेटीत होता, तो मागावा लागला असता, म्हणून तिने बारकाच ठोकला होता. घरी त्याने सांगितलं, "जिन्यावरून पडलो." का सांगितलं ते त्याने तिला कधी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. हनुवटीवरचा वण अजून आहे. दाढी केली की दिसतो.

दार त्याने डाव्या हाताने उघडलं. तिने ते बघितलं आणि ती ते बघतेय हे त्याने बघितलं.

"ताई! आज इकडे कशी? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. उजवा हात दाखव."

"ही काय बोलायची पद्धत झाली? आत तर ये." तो हसला. वडिलांसारखाच. आतून त्याच्या बायकोने ते ऐकलं असावं, कारण ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि चहाचंही न विचारता म्हणाली, "तुम्हीच विचारा त्याला. बरणीचं झाकण मला उघडायला सांगतो. मुलीची वेणी घालायचा रोज, ते बंद केलंय. विचारलं की म्हणतो, 'तिला आता स्वतः शिकू दे.'"

"तू आत जा बरं जरा," भाऊ म्हणाला.

"जाते. पण खोटं बोललास तर बाहेर येईन."

दोघं बाहेरच्या खोलीत बसली. खोलीत इस्त्रीच्या कपड्यांचा वास होता. त्याने हात मांडीवर पालथा ठेवला होता, अंगठा आतल्या बाजूला वळवून, झाकल्यासारखा. तिने आपल्या दोन बोटांनी त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खोबणीत दाबलं. त्याने आवाज केला नाही, पण चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"स्टिअरिंग फिरलं," तो जरा वेळाने म्हणाला. "खड्ड्यात चाक पडलं आणि स्टिअरिंग उलटं असं फिरलं, हातातून. त्याच्या आतला आडवा दांडा अंगठ्यावर बसला. मुरगळलाय, बाकी काही नाही. उतरेल."

"महिना होत आला."

"उतरतोय गं हळूहळू."

"मग शेऱ्यात 'ठीक' का लिहिलंस?"

"ठीकच होतं. गाडी ठीक होती." तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला, त्याला बसून बोलता येत नसे. "ताई, तुला माहीत नाही का? लागलं असं लिहिलं की पहिलं तपासणीला पाठवतात. तो पाठ आखडलेला मामा, आमच्यातला जुना ड्रायव्हर, तपासणीतून परत आला का गाडीवर? आता भांडारात बसून पाने वाटतो. कोण आलं, कोण गेलं, सही कर. त्याच्याशी बोलवत नाही मला. मी पण चाळिशी ओलांडलीय. एकदा उतरवलं की परत कोण चढवतंय?"

"तो जोर खरा होता, भोवऱ्या. आलेखावर आलाय. पण सगळे म्हणतायत वायर हलली. तो खरा असेल तर माझा सांधा कमी पडतोय, आणि तो खरा आहे याचा पुरावा फक्त..." तिने त्याच्या हाताकडे बघितलं.

"फेरी परत करा."

"ती गाडी सुटी करून ठेवलीय. सगळे भाग तपासायला काढलेत."

"मग दुसरं काहीतरी सांग. तू हुशार आहेस. तुला काय, शंभर कारणं सुचतील." तो तिच्यासमोर उकिडवा बसला, लहानपणी काही मागायचं असलं की बसायचा तसाच. "माझं नाव घेऊ नकोस. एवढं कर. आजवर तुझ्याकडे काही मागितलंय मी?"

खरंच मागितलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिला तेच टोचत राहिलं. आईने ताट वाढून ठेवलं होतं. "गेली होतीस तिकडे? कसा आहे तो?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं, "बराच असणार. तो कधी कुरकुर करत नाही. तू मात्र हल्ली अगदी वाळलेल्या लाकडासारखी दिसतेस." ती जेवली. भांडी घासताना पाण्याखाली स्वतःच्या हाताचा अंगठा ती बराच वेळ बघत राहिली, आत-बाहेर वळवत. किती लहान हाडं असतात. आपण ताणाचे रंग काढतो ते लोखंडाचे.

दुसऱ्या दिवशी तिने भावाचं नाव न घेता प्रयत्न करून बघितला. साहेबांच्या खोलीत जाऊन म्हणाली, तो काटा खरा धरून नकलची चाचणी पुन्हा घ्यावी असं मला वाटतं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, हेच तिला जड गेलं. त्यांनी झिडकारलं असतं तर भांडता तरी आलं असतं. "मॅडम, तुमच्यावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "पण मी वर काय सांगू? एकाच सेन्सरवर एकदा आलेला काटा. ड्रायव्हर म्हणतो ठीक. तो ड्रायव्हर तर तुमचाच भाऊ, तो तुमच्यापासून लपवेल का? ठोस काहीतरी द्या, मी आजच चाचणीची रिग तुमच्यासाठी मोकळी करतो. नाहीतर साच्याचं काम पुढे जाऊ द्या. तुम्ही दमलायत. हे काम संपलं की मोठी रजा घ्या."

लपवेल का. ती आपल्या टेबलापाशी येऊन बसली. टेबलावर नकलचा जुना नमुना होता, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. त्याच्या खांद्यावरून ती नेहमीच्या सवयीने बोट फिरवत राहिली. गार, गुळगुळीत. तिला उतार दिसू लागला. भावाला ओळखत नसलेला कुणी चालक, शेजारी त्याचं माणूस, मागे सामान, पाण्याने धुपलेली वाट. दगड. आतल्या आत जरा चिरलेलं लोखंड. तिने मान हलवली. मग भांडार दिसलं, लोखंडी जाळीमागे बसलेला भाऊ, उठायला-बसायला जागा नसलेला. दोन्हींपैकी काय जास्त खरं, हे तिला ठरवता येईना. एक माणूस माहीत होता आणि एक नव्हता, एवढाच फरक. आणि दिवसभर त्या फरकाला धरून बसायचं तर बसता आलं असतं. साच्याची ऑर्डर गेली असती. बहुतेक काहीच झालं नसतं. 'बहुतेक' हा शब्द ती नव्या मुलांना खोडायला लावायची. तिला फार झोप येत होती. बाहेर कुणीतरी कुणालातरी जेवायला बोलावत होतं. ती उठली ती ठरवून उठली नाही; बसवेना म्हणून उठली, आणि पाय साहेबांच्या खोलीकडे गेले.

"त्याचा हात दुखावलाय," ती दारातूनच म्हणाली. "त्याच फेरीत. स्टिअरिंग उलटं फिरून अंगठ्यावर बसलं. त्याने लिहिलं नाही. महिना झाला, त्याला बरणी उघडता येत नाही."

साहेबांनी पेन ठेवलं. मग म्हणाले, "बसा," आणि फोन उचलला. आधी वैद्यकीय विभागाला, मग रिगवर. त्या क्रमाबद्दल तिला नंतर त्यांच्याविषयी बरं वाटलं. त्या वेळी काहीच वाटलं नाही.

भावाला मैदानावरून, चालत्या फेरीतून उतरवलं. क्ष-किरणात दिसलं की मनगटातलं, अंगठ्याच्या मुळाशी असलेलं एक छोटं हाड आरपार तडकलंय. मुरगळ समजून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात, डॉक्टर म्हणाले, आणि मग ते जुळत नाही, कधीकधी मरून जातं. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर हात कामातून गेला असता. कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. हे सगळं तिला भावजयीने फोनवर सांगितलं. "तुम्ही बरं केलंत," ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "पण तो तुमच्याशी बोलणार नाही म्हणतो." आई तिकडे जाऊन आली. आल्यावर चपला काढता-काढता म्हणाली, "घरातलं बोलणं ऑफिसात नेलंस." तिने हाडाचं सांगून बघितलं. "ते कळलं गं मला. हात वाचला ते चांगलंच झालं. पण तू काही हातासाठी सांगितलं नव्हतंस." आईला लिहिता-वाचता बेताचंच यायचं, आणि तरी कुठे बोट ठेवायचं ते बरोबर कळायचं. तिने आईच्या चपला भिंतीशी सरळ लावून ठेवल्या. ती दिवा मालवून पडली आणि इच्छा होती तशी कुणी काही विचारलं नाही.

रिगवर नकल चढवली. एका अवजड चौकटीत सांधा घट्ट आवळायचा, आणि तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या त्याच्या बाहूला खेचतो-ढकलतो, खेचतो-ढकलतो, जन्मभराचं वळणं काही दिवसांत. मधूनमधून, ठरावीक फेऱ्यांनी, काट्याएवढा दणका. दणका बसला की फरशी तळपायांना हलकेच चावायची. ती रोज तिथे जाऊन बसू लागली. बसायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी गाळणीही आला, उभा राहिला, म्हणाला, "मी तो काटा खुडून टाकत होतो, मॅडम. सगळ्यांचेच खुडतो."

"तुला कसं कळणार होतं?"

"पण आता प्रत्येक काट्याशी थांबतो. कामच होत नाही."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी खरं हसू आलं. मग तो गेला आणि दट्ट्याचा आवाज राहिला, दम लागलेल्या माणसासारखा. तिला भेग हवी होती. हे तिला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्पष्ट कळलं आणि ती दचकली. वर्षभर जो खांदा तिने जपून घडवला तो तुटावा असं तिला वाटत होतं, कारण तो तुटला तर भावाचं उतरणं वाया गेलं नाही असं झालं असतं. ती भावाला सांगू शकली असती: बघ. रोज संध्याकाळी रिग थांबवून सांधा पुसायचे, त्यावर लाल पातळ द्रव फासायचे, ते पुसून वर पांढरी भुकटी उडवायचे. भेग असेल तर भुकटीवर लाल रेघ उमटते. ती भिंग घेऊन खांद्यावर वाकायची आणि पांढऱ्यातलं पांढरं बघत राहायची. काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. शेवटच्या दिवशी ठरलेले सगळे दणके संपले, आणि तिने आणखी मागितले, आणि साहेबांनी होकार दिला. तेही संपले. भुकटी कोरीच राहिली.

"अभिनंदन!" साहेब म्हणाले. "तुम्ही स्वतःवरच विश्वास ठेवत नाही. केवढा दणकट सांधा बनवलाय. पडद्यावर लाल दिसला तरी खरं लोखंड आपल्या हिशेबापेक्षा दिलदार निघालं." सगळ्यांनी हात मिळवले. काटा खरा होता आणि सांध्याने तो पचवला होता. म्हणजे तिचं म्हणणं बरोबर निघालं आणि भीती चुकीची. काही न बोलता गप्प बसली असती तरी नकल तुटली नसती, कुणी कड्यावरून पडलं नसतं, भाऊ गाडीवर राहिला असता. आणि हात गेला असता. हे ती पुन्हापुन्हा मनात मांडून बघे आणि प्रत्येक वेळी बेरीज वेगळी येई. अखेर तिने मांडायचं सोडलं. आईचं वाक्य तेवढं राहिलं, चपलेत गेलेल्या खड्यासारखं.

अहवाल लिहायला बसली तेव्हा तिला एकच वाक्य सुचलं आणि ते अहवालात बसण्यासारखं नव्हतं: लोखंड टिकलं, हाड टिकलं नाही. तिने ते सरळ करून लिहिलं. सांधा उत्तीर्ण, परंतु चाकावरचा धक्का स्टिअरिंगमधून थेट चालकाच्या हातापर्यंत पोहोचतो, वळणाच्या दांड्यावर धक्का शोषणारी नळी बसवावी. साहेबांनी वाचलं. "हे आपल्या भागात येत नाही," ते म्हणाले. "आपलं काम नकलपर्यंत."

"नकलच्या पुढे हातच आहे," ती म्हणाली. आवाज चढवायला तिच्याकडे ताकद नव्हती, म्हणून ते नुसतं माहिती दिल्यासारखं बाहेर पडलं.

साहेबांनी कागद पुन्हा हातात घेतला. "वजन वाढेल," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि मग खाली सही केली. "एका गाडीला लावून बघा. आधी नळीशिवाय एक फेरी घ्या, मग नळीसकट. तुलना करू."

त्यासाठी ती मैदानावर गेली. वर्षानुवर्षं मैदानावरून येणाऱ्या आकड्यांवर तिने काम केलं होतं, पण प्रत्यक्ष मैदान म्हणजे एवढं उघडं, एवढं दगडाळ आणि वाऱ्याला इतकं मोकळं असेल हे तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. कडेला पत्र्याच्या छपराखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर भाऊ बसला होता, गळ्यात प्लास्टर अडकवून. बिनतारी यंत्रावरून फेऱ्या सोडायचं काम त्याला दिलं होतं. खुर्ची त्याने मागच्या दोन पायांवर कलती केली होती आणि पुढे-मागे झुलवत होता. तिला बघून त्याने खुर्ची खाली टेकवली. नवा चालक जेवायला गेला होता. जोडून तयार झालेली गाडी समोर उभी होती, धुळीने माखलेली, चित्रणात दिसायची त्यापेक्षा उंच.

"खड्डा कुठला तो?" तिने विचारलं.

त्याने हनुवटीनेच दाखवला.

"मी चालवते. हळू. माझ्याकडे मैदानाचा परवाना आहे अजून." तो खुर्ची पुन्हा झुलवायला लागला तेव्हा ती म्हणाली, "मला तो जोर किती ते तोंडपाठ आहे, भोवऱ्या. कसा ते माहीत नाही."

ती गाडीवर चढली. पाय पोहोचेनात, तिने जागा पुढे ओढली. दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि तो, एका हाताने कसरत करत, शेजारी येऊन बसला. पट्टा त्याला लावता येईना. तिने वाकून लावला. त्याच्या शर्टाला धुळीचा आणि औषधाचा वास होता. गाडी सुरू झाली तशी आसनाखालून एक घरघर तिच्या मणक्यात चढली. ती दगडांवर निघाली. स्टिअरिंग हातात जिवंत होतं, सारखं इकडून-तिकडून ओढ घेत होतं, लहान मूल बोट सोडवायला बघतं तसं, आणि तिने ते घट्ट धरलं, दोन्ही मुठींनी, पार आत बोटं रोवून.

"अंगठे बाहेर ठेव," तो म्हणाला.

इतक्या दिवसांनी त्याचा आवाज ऐकून तिने ब्रेकच दाबला.

"काय?"

"अंगठे असे आत वळवायचे नाहीत. बाहेर, स्टिअरिंगच्या कडेवर, बोटांच्या शेजारी. उलटं फिरलं तर आतला दांडा मोकळा फिरून जातो. हाताला लागत नाही." त्याने डाव्या हाताने तिचा अंगठा धरून बाहेर काढला, मग दुसरा. "पहिल्या दिवशी शिकवतात हे. नवीन आलेल्या प्रत्येकाला मीच शिकवलंय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो समोर बघत होता.

"मग तू...?"

"दमलो होतो गं," तो म्हणाला. "सकाळपासून फेऱ्या चालल्या होत्या. हात भरून आले होते. कधी अंगठे आत गेले, कळलंच नाही. ते लिहिता आलं नाही मला. लागलं एवढं एक वेळ लिहिलं असतं. पण कसं लागलं ते विचारलं असतं ना कुणीतरी." वाऱ्याने काचेवर धूळ मारली. "तुला तर सांगायचं म्हणजे आणखीच."

तिने गाडी पुढे घेतली. खड्डा समोरून तसा साधाच दिसत होता. चाक काठावर आलं, क्षणभर तोल धरला, आणि खाली गेलं. स्टिअरिंग तिच्या तळव्यांतून सपकन फिरलं, कुणीतरी आतून हिसका मारून ओढून घेतल्यासारखं. कातडी चटका बसल्यासारखी झाली, दंडातून खांद्यापर्यंत काहीतरी चढत गेलं आणि दात एकमेकांवर आपटले. अंगठे बाहेरच होते. गाडी वर आली आणि थांबली. एवढ्याला ती काटा म्हणत होती.

"नळीने कमी होईल?" त्याने विचारलं.

"होईल. निम्म्याहून."

"लाव मग."

दोघं तशीच बसून राहिली. मैदानाच्या टोकाकडून नवा चालक जेवून येताना दिसत होता, सावकाश, दात कोरत. तिने हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर उताणे टाकले.

"दमलीस?" भावाने विचारलं.

"केव्हाची," ती म्हणाली.

त्याने डावा हात लांब करून मधली कळ फिरवली आणि इंजिन बंद केलं. आवाज गेल्यावर मैदान एकदम मोठं झालं. खाली उतरायची घाई दोघांनीही केली नाही.